कर्ण नव्हे, काशिनाथ!

माणसाने आजवर कल्पनेतून जी पात्रे उभी केली त्यात सर्वांत थोर पात्र कोणते, असा प्रश्न आपल्याकडे विचारला की उत्तर जवळपास ठरलेले असते: कर्ण. मराठी वाचकाच्या घरात चार पुस्तके असली तर त्यातले एक 'मृत्युंजय' असते. माझे उत्तर वेगळे आहे आणि ते मी आधीच सांगून टाकतो, उगाच शेवटपर्यंत ताणत नाही. माझे मत बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतल्या काशिनाथला. तो कथेचा नायकसुद्धा नाही. त्याच्या वाट्याला पाने थोडीच आलेली आहेत. तरीही त्यालाच.

आमच्या वस्तीतल्या विहारात दर महिन्याला आम्ही काही जण पुस्तकांवर बोलायला बसतो. कॉलेजात जाणारी मुले-मुली असतात, दोन-तीन निवृत्त कामगार असतात, एक नर्सबाई असतात ज्या ड्यूटी सांभाळून येतात. तिथे एकदा हाच विषय ठेवला. एकाने बॅटमॅन सांगितला (त्यावर हसण्यासारखे काही नाही, त्याने चांगली बाजू मांडली). एका मुलीने 'सैराट'मधली आर्ची सांगितली. नर्सबाईंनी फकिरा सांगितला. पण निम्म्याहून अधिक मुलांनी सांगितला तो कर्ण! निळे झेंडे लावलेल्या वस्तीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून, आमची मुले कर्णाला मत देत होती. का, असे विचारले तर उत्तर एकच: "सर, त्याला जातीवरून हिणवलं ना. म्हणून तो आपला वाटतो."

हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. ज्याला वर्गात आडनावावरून ओळखले गेले आहे त्या मुलाला रंगभूमीवर उभा असलेला कर्ण आपला वाटणारच. कृपाचार्य त्याचे कूळ विचारतात आणि त्याची मान खाली जाते. भीम त्याला म्हणतो, तुझ्या हातात चाबूक शोभेल. हा प्रसंग आमच्यापैकी प्रत्येकाने या ना त्या रूपात भोगलेला आहे. मुलाखतीत विचारलेले "तुमचं मूळ गाव कुठलं?" हे कृपाचार्यांच्याच प्रश्नाचे आजचे रूप आहे.

पण मित्रांनो, ती गोष्ट पुढे काय करते ते बघा. कर्ण सूतपुत्र म्हणून वाढतो, पराक्रमी निघतो, दानशूर निघतो. मग आपल्याला कळते की तो मुळात सूतपुत्र नाहीच! तो कुंतीचा मुलगा, सूर्याचा अंश, जन्मतः कवचकुंडले असलेला. म्हणजे काय झाले? सूताच्या घरात पराक्रम जन्मू शकतो हे गोष्टीला मान्य करावे लागले नाही. कर्णाचा अपमान वाचताना आपले डोळे भरून येतात ते कशासाठी, हे एकदा स्वतःला विचारा. एका सूतपुत्राचा अपमान झाला म्हणून, की एका क्षत्रियाला चुकून सूतपुत्र समजले गेले म्हणून? महाभारताचे उत्तर दुसरे आहे. आणि आपल्या मराठी कादंबरीकारांनी, 1967 साली 'मृत्युंजय' लिहिणाऱ्या शिवाजी सावंतांनी आणि 1973 साली 'राधेय' लिहिणाऱ्या रणजित देसाईंनी, कर्णाचे दुःख कितीही मन लावून रंगवले तरी त्या रक्ताच्या हिशेबाला हात लावला नाही. अधिरथ आणि राधा यांचा पोटचा मुलगा तितकाच मोठा धनुर्धर निघाला असता, तर ती गोष्ट सांगायला कुणी बसले असते का? एकलव्य तसा निघाला होता. त्याचा अंगठा घेतला आणि पुढचे प्रकरण सुरू केले.

आता जो प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. कर्णानेही जात चोरली होती. तो परशुरामाकडे शस्त्रविद्या शिकायला गेला तेव्हा आपण ब्राह्मण आहोत असे सांगून गेला. खरे सांगितले असते तर दारातूनच परत यावे लागले असते. मग एके दिवशी गुरू त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेला असताना एक किडा त्याची मांडी पोखरतो. गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलत नाही. रक्त लागून परशुराम जागा होतो आणि काय म्हणतो? एवढी वेदना ब्राह्मण सोसू शकत नाही, खरे सांग तू कोण! बघा हं, इथे वेदना सोसण्याची क्षमतासुद्धा जातीवर वाटून दिलेली आहे. शिष्याची निष्ठा दिसली, त्याची सहनशक्ती दिसली, आणि गुरूने त्यातून काढला तो जातीचा दाखला. वर शाप दिला की ऐन वेळी तुला विद्या आठवणार नाही.

त्या शापानंतर कर्णाने काय केले? त्याला व्यवस्थेचा राग आला का? नाही. तो दुर्योधनाने दिलेल्या अंगदेशाच्या राज्यावर खूश राहिला. ज्याला भर सभेत हिणवले गेले होते त्याच माणसाने द्यूताच्या सभेत द्रौपदीला वेश्या म्हटले आणि तिचे वस्त्र उतरवायला सांगितले. कर्णभक्तांना हे आठवण करून दिले की ते गप्प होतात, किंवा "मित्रासाठी केलं" म्हणतात. मी त्याला दुष्ट ठरवत नाही. त्याचे दुःख खरे आहे. पण अपमान सोसलेला माणूस दुसऱ्याच्या अपमानाच्या वेळी कुठे उभा राहतो, ही माझी थोरपणाची कसोटी आहे. त्या कसोटीवर कर्ण भर सभेत नापास झाला आहे.

फकिराबद्दल एक शब्द, नाहीतर नर्सबाई मला सोडणार नाहीत. अण्णाभाऊंनी 1959 साली 'फकिरा' दिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात माणसे मरत असताना धान्य लुटून वाटणारा आणि शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतः हजर होणारा फकिरा हा मराठी कादंबरीतला सर्वांत उंच माणूस आहे असे मी कुठेही म्हणेन. परंतु फकिरा हा अण्णाभाऊंच्या नात्यातलाच खरा माणूस होता. काल्पनिक पात्रांच्या यादीत त्याला घालणे म्हणजे त्याचे असणे काढून घेणे. आपल्या खऱ्या माणसांना दंतकथा करून टाकायची आणि त्यांच्या दंतकथांना इतिहास म्हणायचे, हा धंदा पुष्कळ झाला. म्हणून फकिरा या स्पर्धेच्या बाहेर, आणि वर.

इंग्रजी वाचणारे मित्र बाखाचे नाव घेतात. मुल्कराज आनंदांची 'अनटचेबल' 1935 सालची. संडास साफ करणाऱ्या एका तरुणाचा एक दिवस. बाजारात चुकून कुणाला स्पर्श होतो आणि थप्पड बसते, तो भाग आजही वाचवत नाही. पण शेवटी बाखासमोर तीन वाटा ठेवल्या जातात: मिशनरी, गांधीजी आणि फ्लशचा संडास! महाडला जाऊन आठ वर्षे झाली होती. ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. पण बाखाच्या तीन वाटांत ती वाट नाही. बाखाला लेखकाने भरपूर कळवळा दिला, प्रश्न विचारायला तोंड दिले नाही. 'फँड्री'तल्या जब्याचे तसे नाही. नागराज मंजुळेने त्याच्या हातात दगड दिला, आणि तो दगड थेट आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या दिशेने आला. जब्याला मत द्यायला मी अगदी काठावर होतो. मात्र जब्या एकटा आहे. सबंध सिनेमात त्याच्या बाजूने कुणीही धावून येत नाही. आणि मला जे पात्र हवे आहे ते धावून येणारे आहे.

आता काशिनाथ.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, बाकी पुस्तक मिळवून वाचा. 1963 साली बागुलांचा हा पहिला कथासंग्रह आला. बागूल स्वतः रेल्वेत कामगार होते. कथेचा निवेदक मुंबईचा तरुण, कवी मनाचा, नव्या स्वतंत्र देशाच्या स्वप्नाने भारलेला. सुरतजवळच्या उधन्याला त्याला रेल्वेत नोकरी लागते. तिथे रणछोड नावाचा माणूस त्याला आपुलकीने वागवतो, खोलीचे बघू म्हणतो आणि मग सहज विचारतो, जात कोणती? निवेदक जात सांगत नाही. खोटी जातही सांगत नाही, हे लक्षात घ्या. तो आपण मुंबईकर आहोत, नव्या भारताचे आहोत, अशा मोठ्या शब्दांनी तो प्रश्न झाकतो. समोरचा दिपून जातो. रामचरण तिवारी नावाचा कामगार तर त्याच्या कवितांनी इतका भारावतो की त्याला गुरूच मानतो, घरी जेवायला नेतो. त्या मायेच्या प्रत्येक घासाबरोबर निवेदकाच्या पोटात भीती उतरत जाते. आज ना उद्या कळणार. मी तर म्हणेन की भीतीने माणूस आतून कसा पोखरला जातो हे त्या पानांइतके नेमके मराठीत दुसरीकडे आलेले नाही. कर्णाच्या मांडीतला किडा तो हाच. फक्त बागुलांनी त्याची तारीफ केली नाही.

आणि त्याच कामावर काशिनाथ येतो. त्याची जात कळायला कुणाला खटपट करावी लागत नाही. तो महार म्हणूनच उभा राहतो. कुणी वाकडे बोलले की अंगावर जातो. जवळ सुरा बाळगतो. निवेदक कवी आहे, काशिनाथ कवी वगैरे काही नाही. त्याला स्वप्न नाही, त्याला आजची पाळी करायची आहे आणि ती मान वर करून करायची आहे. दलित पँथर स्थापन झाली 1972 साली. त्या चळवळीतल्या पोरांच्या चालण्या-बोलण्यात जी रग होती, ती बागुलांनी नऊ वर्षे आधी एका रेल्वे कामगारात पाहिली होती. पँथरच्या पोरांनी बागुलांना वडीलधारे मानले ते उगाच नाही.

शेवटी व्हायचे तेच होते. निवेदकाची जात उघडी पडते. कालपर्यंत पायाशी बसणारे हात आता त्याला तुडवायला येतात. आणि त्या गर्दीत काशिनाथ शिरतो आणि त्याला बाहेर काढतो.

या जागी मी दरवेळी थांबतो. काशिनाथला निवेदकाचा राग यायला किती कारणे होती! हा आपलाच माणूस, आपण शिव्या खात होतो तेव्हा हा त्यांच्या पंगतीत बसून कविता म्हणत होता. चळवळीतला एखादा कडक कार्यकर्ता असता तर म्हणाला असता, भोग आता, जात चोरलीस ना! आपल्यात असे म्हणणारे कमी नाहीत. आडनाव बदललेल्या साहेबांना, मोठ्या सोसायटीत राहायला गेलेल्यांना, मुलांच्या लग्नपत्रिकेवरून बाबासाहेबांचा फोटो काढणाऱ्यांना आपण 'बाटलेले' म्हणून मोकळे होतो. काशिनाथ तसे करत नाही. तो येतो. हिशेब मागायच्या आधी येतो. सुटका झाल्यावर त्याला एकच गोष्ट कळत नाही, की या माणसाने एवढा मार मुकाट कसा खाल्ला. निवेदक उत्तर देतो ते सारांशाने असे, की मारणारे हे लोक नव्हतेच, मारणारा मनू होता.

या उत्तरावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले. उत्तर मोठेच आहे. 25 डिसेंबर 1927 ला महाडात जी होळी पेटली तिचा प्रकाश त्या उत्तरात आहे. पण मला प्रश्न विचारणाराही तितकाच मोठा वाटतो. मनू मारतो हे खरे, तरी काठी धरणारे हात जिवंत माणसांचे असतात आणि ते हात अडवायला कुणीतरी प्रत्यक्ष तिथे असावे लागते. निवेदकाला ग्रंथ दिसतो, काशिनाथला काठी दिसते. दोघांचे डोळे एकत्र केले म्हणजे आंबेडकरी दृष्टी होते असे मी म्हणेन.

ही कथा वाचताना मला नेहमी बडोदा आठवते. 1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी वसतिगृहात गेले. ते फक्त पारशांसाठी होते. तिथल्या रखवालदाराला मिळकत हवी होती, बाबासाहेबांना छप्पर हवे होते, म्हणून वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले. तू कोण, इथे कसा आलास, आमची जागा बाटवलीस, संध्याकाळपर्यंत निघ. एक हिंदू मित्र होता, त्याने अडचण सांगितली. एक ख्रिस्ती मित्र होता, त्यानेही टाळले. परदेशातून एवढी विद्या घेऊन आलेला तो माणूस मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत एका बागेत बसून राहिला.

बाबासाहेबांचा तो प्रसंग आणि बागुलांची कथा समोरासमोर ठेवा. तोच गुजरातचा मुलूख, तोच खोलीचा प्रश्न, त्याच काठ्या. अर्ध्या शतकाच्या आत बागुलांनी तोच प्रसंग पुन्हा लिहिला आणि त्यात एक माणूस नव्याने घातला. बडोद्याला जो आला नव्हता तो उधन्याला आला. आता काशिनाथ मला का थोर वाटतो हे लक्षात आले असेल. तो बाबासाहेबांनंतरच जन्मू शकत होता. 1917 साली तसा माणूस कल्पनेतसुद्धा नव्हता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या चळवळीने, महाडने, काळारामने, 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरने एक माणूस घडवला ज्याला जात विचारली तर घाम फुटत नाही. साहित्यात असे फार वेळा घडत नाही, की एका समाजाच्या खऱ्या इतिहासातली रिकामी जागा एखादे काल्पनिक पात्र येऊन भरते.

माझे एक चुलते सत्तरच्या दशकात गुजरातेत एका गिरणीत होते. ज्या चाळीत राहिले तिथे त्यांना सगळे 'पाटील' म्हणत. त्यांनी स्वतःहून सांगितले नव्हते. महाराष्ट्रातला म्हणून कुणीतरी पाटील म्हटले आणि त्यांनी ते खोडले नाही. ट्रंकेच्या तळाशी, गोधडीखाली, बाबासाहेबांचा फोटो असे. दरवर्षी 6 डिसेंबरला एका नातेवाइकाचे वर्षश्राद्ध आहे सांगून ते चैत्यभूमीला येत. आम्हा पोरांना ते हसून सांगत, "अरे, खोटं कुठं बोललो? आपल्या बापाचंच की." पण रात्री दार वाजले की दचकून उठण्याची त्यांची सवय निवृत्त होऊन गावी आल्यावरही गेली नव्हती. काकू सांगायची, हे झोपेत पण आडनाव विचारल्यासारखे बडबडतात. मी त्यांना कधी भित्रा म्हणालो नाही आणि कुणाला म्हणू दिले नाही. त्यांना कमी पडला तो काशिनाथ.

आता कुणी म्हणेल, हे जुने झाले. माझी पुतणी गेल्या वर्षी पुण्यात नोकरीला लागली आणि खोली शोधत होती. एजंट फोनवर आधी पूर्ण नाव विचारतो. मग "व्हेज की नॉनव्हेज?" मग "मालकांना विचारून सांगतो." आणि मग फोन येत नाही. जात हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. 1955 च्या अस्पृश्यता गुन्ह्यांच्या कायद्यापासून राहती जागा अस्पृश्यतेवरून नाकारणे हा गुन्हा आहे. पण नाकारले हे सिद्ध कसे करणार, जेव्हा "मालकांना फॅमिलीच हवी आहे" असे गोड आवाजात सांगितले जाते? सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांवरचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या नावावरून दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना कसे टाळले जाते ते त्यात आले आहे. पण पुतणीला तो अभ्यास वाचायची गरज नव्हती.

तिला मी ही कथा वाचायला दिली. तिने वाचली आणि मला फोन केला. "काका, तुमचा काशिनाथ भारी आहे. पण तो पुरुष आहे. मी रात्री नऊला ऑफिसमधून सुटते, मी काय सुरा घेऊन फिरू? आणि जात आधीच सांगून टाकायची तर भाडं कोण भरणार, तुम्ही?"

प्रश्न रास्त होता. तिचे दोन्ही मुद्दे मी इथे मांडतो कारण काशिनाथवर याहून चांगला आक्षेप मी कुठल्याही समीक्षकाकडून ऐकलेला नाही. सुऱ्याचे आधी बोलू. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर महाडात परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ले झाले. लष्करात राहिलेले आपले कितीतरी लोक तिथे होते, उलट मारायला हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि कायद्याची वाट धरली. त्या शिस्तीपुढे काशिनाथचा सुरा बसत नाही हे मला मान्य आहे. मी त्याला मत देतो ते सुऱ्यासाठी देत नाही. सुरा त्याच्या काळाचा आणि त्याच्या एकटेपणाचा आहे. ज्याच्या मागे संघटना असते त्याला कमरेला काही लावावे लागत नाही. त्याचा मोठेपणा येण्यात आहे आणि येण्यासाठी पुरुष असावे लागत नाही.

दुसरा मुद्दा भाड्याचा. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, पण तिच्याकडे निघाले. तिने व्हॉट्सअॅपच्या डीपीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि मगच एजंटांना मेसेज करायला लागली. मी म्हटले, अगं, अशाने एकही खोली मिळायची नाही. ती म्हणाली, "मिळायची नाही तिथलं आधीच कळतं, काका. माझा रविवार वाचतो." महिनाभर शोधल्यावर तिला जागा मिळाली. ऑफिसपासून तासभर लांब, भाडे तिने आधी ठरवलेल्या आकड्याहून जास्त. ती किंमत तिने भरली आणि अजून दर महिन्याला भरते आहे. पण तिने आणखी एक केले जे मला तिने बऱ्याच उशिरा सांगितले. तिच्याच ऑफिसातली विदर्भातून आलेली एक मुलगी, जी तीन महिने आडनाव सोडून नुसते नाव आणि वडिलांचे नाव सांगून एका ठिकाणी राहत होती, तिला तिथून एका रात्रीत निघावे लागले. कुणी मारले नाही, नुसते सामान दाराबाहेर ठेवले. रात्री अकराला रिक्षा करून माझी पुतणी तिथे गेली आणि तिला घेऊन आली. दोघी आता एकत्र राहतात. "तिला विचारलंस का, आधी का नाही सांगितलंस म्हणून?" असे मी विचारले. पुतणी म्हणाली, "ते विचारायचं काय काका, तिला आधी जेवायला घातलं."

साहित्याचे प्राध्यापक म्हणतील, पात्राची थोरवी अशी मोजत नाहीत. काशिनाथला अंतर्मन नाही, त्याच्यात द्वंद्व नाही, त्याचा विकास होत नाही, तो कथेत येतो आणि जातो. हॅम्लेटपुढे त्याला कसे उभे करता? मी म्हणतो, करा उभे. हॅम्लेट मारावे की न मारावे यावर सबंध नाटकभर विचार करतो. त्याला तेवढा वेळ आहे, तो राजपुत्र आहे. काशिनाथला विचार करायला दोन क्षण होते, आणि निर्णय दुसऱ्यासाठी घ्यायचा होता. द्वंद्व नसणे ही उणीव आहे असे कुणी ठरवले? ज्याला रोज सकाळी कामावर जाण्याआधीच ठरवून निघावे लागते की आज अपमान झाला तर काय करायचे, त्याचे द्वंद्व घरीच संपलेले असते. आपण ते पाहिलेले नाही एवढेच. बागुलांनी त्याला अंतर्मन दिले नाही असेही मला वाटत नाही. त्यांनी त्याला आपल्या दयेपासून दूर ठेवले. आपण बाखासाठी रडतो, कर्णासाठी रडतो. काशिनाथसाठी रडायला जागाच नाही, आणि सवर्ण वाचकाला नेमके तेच जड जाते. रडून मोकळे होण्याची त्याची नेहमीची सोय बागुलांनी काढून घेतली.

पुढच्या महिन्यात मी ती कथा मुलांपुढे मोठ्याने वाचणार आहे. कर्णाला मत देणाऱ्यांनी मत बदलावे असा माझा आग्रह नाही. त्यांनी मांडीतला किडा आणि रामचरणच्या घरचे जेवण ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत, मग बोलू.

मला स्वतःला त्या कथेत एकच गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते आणि बागूल ती सांगत नाहीत. काशिनाथने त्याला मारातून सोडवले, दोघे बोलले, कथा संपली. पण उधन्याच्या त्या रात्री ते दोघे झोपले कुठे असतील? एक जात सांगणारा, एक जात कळलेला. खोली त्यांना कुणी दिली असेल?